कारणाचा रकाना

रविवार, २० नोव्हेंबर १९९४. सकाळी साडेआठ. शहागंजच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची शेड.

हजर इसम: केशवराव बिडकर, तंत्रशाळेचे निवृत्त शिक्षक, शेडचे मालक. नामदेव मिस्त्री, राहणार पैठणजवळ. डॉक्टरसाहेब, गाडीचे मालक, म्हणजे माझे बाबा. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझा दादा, पंधरा मिनिटं उशिरा. त्यांची कन्या शालिनी, लेखनिक, म्हणजे मी. आणि गाडी, स्वतः.

फुलस्केपच्या अर्ध्या तावावर लिहिलेला हा कागद आत्ता माझ्यासमोर आहे. इथवरचं अक्षर माझं, मजकूर बिडकर सरांचा. शेवटचं नाव लिहिताना मी थबकले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "लिहा, लिहा. फिर्यादीच हजर नसेल तर पंचनामा कसला?"

पंचनामा केल्याशिवाय बिडकर सर कुठल्याही इंजिनाला पाना लावत नसत. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात पटवारी होते. पोलीस ॲक्शननंतर दफ्तर उर्दूतून मराठीत आलं, पुढे पटवारकीही गेली, पण घरातले शब्द गेले नाहीत. बयान, कैफियत, मुद्देमाल, ग्राह्य, दाखल. सर म्हणत, "वडिलांनी जमिनीचे पंचनामे केले, मी इंजिनांचे करतो. इंजिन उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं. साक्षीदार पाहिजेत." कागदावर रकाने ठरलेले: दिनांक, हजर, तक्रार, बयान, तपास, कारण, उपाय, सही. घाईतली गिऱ्हाइकं हसायची आणि दुसरीकडे जायची. त्यातली बरीचशी महिन्याभरात परत यायची. मग सर कोरा ताव काढत.

पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाची बटणं लावलेली. गाडीखाली शिरले तरी बटण सुटायचं नाही. चष्म्याच्या डबीत तेलाचा दाब मोजायचा काटा असायचा, मखमलीत गुंडाळलेला, आणि चष्मा मात्र वर्तमानपत्राच्या कागदात बांधून खिशात. एकदा मी म्हटलं, "सर, एक डबी अजून घ्या की." म्हणाले, "चष्मा खोटा निघाला तर मला कळतं. काटा खोटा निघाला तर कळत नाही. डबीची गरज कुणाला जास्त, सांगा."

तेलाचा दाब हा त्यांचा खास विषय. त्याबद्दल ते बोलायला लागले की माणसाच्या नाडीबद्दल बोलताहेत असं वाटायचं. इंजिनाच्या पोटात एक पंप असतो, तो खालच्या चेंबरमधून तेल ओढतो आणि प्रत्येक फिरत्या भागाला पाजतो. दाब पडला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन स्वतःलाच खातं. गाडीतला काटा खाली आला की लोक सरळ म्हणतात, बेरिंगं गेली, इंजिन उतरवा. सर म्हणायचे, "आधी काटा खोटा का तेल खोटं, ते ठरवा. सोपं आधी, अवघड मागून. माणूस उलट करतो, कारण अवघड केल्यानं मोठेपणा मिळतो."

त्यांच्याकडे गंगापूरचा एक जीपवाला यायचा, तोंडानं फार तिखट. एकदा आला तो छाती काढूनच. "सर, तुमचे ते कागद राहू द्या. दाब पडला होता, मी दाबाच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकला, काटा बघा कसा ताठ उभा राहिला!" सरांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला आणि बोट त्याच्या नाकाशी नेलं.

"कशाचा वास?"

"तेलाचा."

"नीट घ्या."

जीपवाल्यानं पुन्हा घेतला. "पेट्रोलचा येतोय थोडा."

"पेट्रोल उतरतंय तेलात. तेल पाण्यासारखं झालंय. तुम्ही काय केलं? ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून ठेवला. आता ताप नाही, माणूस जातोय." मग नामदेवकडे वळून, "ह्यांचा वॉशर काढ आणि ह्यांच्याच हातात दे. गळ्यात घालतील."

"सर, चारचौघात काय बोलता!"

"चारचौघं लिहिलेत कागदावर. पाचवे तुम्ही."

असा माणूस. आमच्या वाट्याला तो आला तो आमच्या गाडीमुळं.

गाडी काळी, विलायती, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. बाबा गुरांचे डॉक्टर. जहागिऱ्या गेल्यावर काही वर्षांनी एका जहागीरदाराच्या घरून त्यांनी ती घेतली आणि गंगापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडवली. आई त्याच गाडीत चालवायला शिकली. नऊवारीतली बाई गाडी चालवते म्हणून वाटेतल्या गावांत लोक ओट्यांवर येऊन उभे राहायचे. आईचा एक नेम होता, पोटात जाईल ते गाळून जाईल. नळाच्या तोंडाला कापड, ताकाच्या भांड्यावर कापड, आणि गाडीत तेल ओततानाही नरसाळ्यावर कापड. तिची जुनी सुती लुगडी फाडून केलेले चौकोनी तुकडे कपाटाच्या खालच्या कप्प्यात घडी करून असायचे. बाबा डबा तिरका धरायचे, आई कापड ताणून धरायची. हे वर्षानुवर्षं चाललं.

आई गेली १९९० साली. त्यानंतर बाबा बोलायचेच कमी झाले. विचारलं तर "हं", "नको", "बरंय". गाडी मात्र दर रविवारी काढायचे.

मग दाबाचा काटा पडायला लागला. दादाच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं न उघडताच निदान केलं: बेरिंगं गेली, भाग मिळणार नाहीत. त्याच आठवड्यात दादाला गिऱ्हाईकही भेटलं. गंगापूर रस्त्यावर एकाचं बागेतलं हॉटेल होतं, त्याला दारात चौथऱ्यावर ठेवायला जुनी गाडी हवी होती. बाबा इतकंच म्हणाले, "बेरिंगं गेली असतील तर दे." मला तेव्हा पंचविसावं चालू होतं, नोकरीला नुकतीच लागले होते. मी म्हटलं, 'असतील तर' म्हणालात ना, मग आधी खात्री करू. ऑफिसातल्या एकानं बिडकर सरांचं नाव सांगितलं.

पहिल्या भेटीत सरांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून विचारलं, "काटा कधी पडतो?"

बाबा म्हणाले, "पडतो."

"डॉक्टरसाहेब, गाय आजारी आहे असं सांगून शेतकरी गप्प बसला, तर तुम्ही औषध देता? चालताना पडतो का उभ्यावर? गार असताना का तापल्यावर? चढाला का सपाटीला?"

आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं गाडी घरात, आणि माहीत नव्हतं. माझ्या हातात नेहमीप्रमाणे वही होती, त्यात आणायच्या सामानाची यादी. सरांची नजर तिच्यावर गेली. "तुम्ही लिहिता?"

"याद्या करते."

"मग ह्या गाडीचं बयान घ्या. दोन रविवार गंगापूरला जा आणि या. दर पाच मिनिटांनी काटा, वेग, रस्ता. दहा पौंडांच्या खाली आला की तिथंच बंद करायची, मग बैल लावून आणावी लागली तरी चालेल. आणि गार इंजिनाचं बयान घेऊ नका, ते ग्राह्य नाही. गार असताना सगळेच खरं बोलतात."

ते दोन रविवार मी कधी विसरणार नाही. मी शेजारी वही घेऊन बसलेले, बाबा समोर बघत आकडे सांगायचे. "चाळीस. चाळीस. अडतीस. शालू, लिही, तीस." नुसते आकडे. पण चार वर्षांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. दुसऱ्या रविवारी परतताना आकड्यांच्या मधे एक वाक्य आलं: "इथं तुझ्या आईनं एकदा म्हशीला वाचवायला गाडी नांगरटीत घातली होती. पंचवीस, लिही."

वही सरांना दिली. त्यांनी कागदातला चष्मा काढला, तीनदा वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं चहाला थांबलात. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"थांबण्याआधी काटा पंधरावर. निघताना चाळीस. इंजिन तापलेलंच होतं ना?"

"हो, हात लावून पाहिला."

"आणि चारही फेऱ्यांत हेच." त्यांनी वही मिटली. "नामदेव, बेरिंगाला विश्रांतीनं गुण येतो का रे?"

"नाय सर. माणसाला येतो. बेरिंगाला नाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते इतकं सरळ होतं की आजही कुणालाही सांगता येतं. बेरिंगं झिजली तर फट वाढते, तेल निसटतं, आणि गाडी तापून उभी राहिली की काटा सगळ्यात खाली जातो. आमचा उभ्यावर ठीक होता, जोरात चालताना पडत होता, आणि बंद केल्यावर बरा होत होता. म्हणजे तेल निसटत नव्हतं, पोचतच नव्हतं. "पंप ज्या जाळीतून तेल ओढतो, तिच्या तोंडाशी काहीतरी येतंय. चालू असताना ओढलं जाऊन चिकटतं, बंद केलं की गळून पडतं. येत्या रविवारी चेंबर उतरवू."

तो रविवार म्हणजे वरच्या तारखेचा.

दादा आला तो घड्याळ बघतच. "सर, माणूस उद्या येणार आहे. बेरिंगं असतील तर आजच सांगून टाका, म्हणजे मी त्याला पक्कं करतो."

"करणार काय आहे तो गाडीचं?"

"चौथऱ्यावर ठेवणार. इंजिन काढून आत माती भरणार आणि बोगनवेल लावणार. शोभा येते."

"शोभा मयतालाही आणतात, दादासाहेब. बसा."

बाबा स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. सरांनी आधी आपला काटा जोडून आमचा तपासला. आमचा खरा होता. मग तेल सोडलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला, तेलही खरं. नामदेव गाडीखाली गेला. एकेक बोल्ट ताटलीत पडल्याचा आवाज येत होता आणि सर मनात मोजत होते. अठरावा पडल्यावर म्हणाले, "आता सावकाश."

"आलं, सर, आलं." चेंबर बाहेर सरकलं. मग नामदेवचा आवाज, "सर, इकडं या. लई इचित्र हाय."

सर वाकले, मीही वाकले. जाळीच्या कडेला चिंधीसारखं काहीतरी काळं लोंबत होतं. सरांनी ते दोन बोटांनी सोडवलं, रॉकेलच्या वाटीत बुडवलं, हलवलं. काळं निघून गेलं तसा रंग दिसायला लागला. हिरवं सूत, तांबडा काठ. बोटभर रुंद, वीतभर लांब.

मी तो काठ ओळखला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्याचीच भावंडं अजून घडी करून होती.

आमच्या गाडीत तेल ओतायचं तोंड इंजिनाच्या बगलेला आहे, चांगलं रुंद, सरळ चेंबरकडं जाणारं. कधीतरी ताणलेल्या कापडाचं एक टोक नरसाळ्याबरोबर आत गेलं असणार आणि फाटून राहिलं असणार. तेल बदललं तरी तुकडा तळाच्या मळात रुतून राहिला, आणि वर्षांनी सुटून जाळीपाशी आला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. अगदी हळू विचारलं, "घरातलं?"

"आईचं."

त्यांनी वाटीवर हात ठेवला. मागून बाबांनी विचारलं, "काय निघालं?"

नामदेवनं तोंड उघडलं. सर आधी बोलले. "जाळी बंद झाली होती, डॉक्टरसाहेब. बेरिंगांवरच्या दोन लोखंडी टोप्या काढून तीही बघून घेतो. पण ती शाबूत असणार."

"कशानं बंद झाली?" हा दादा.

"लिहितोय ना."

बेरिंगं बघितली, शाबूत निघाली. सरांनी कागद माझ्याकडून घेतला आणि स्वतः लिहायला लागले. तपास: जाळी बंद, बेरिंग ठीक. मधला रकाना सोडून उपाय: जाळी व चेंबर धुतले, नवे पॅकिंग, नवे तेल. मग निळी पेन्सिल मागं आली, 'कारण' या शब्दापुढं टेकली आणि तशीच राहिली. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. ते मला म्हणाले, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "चाळीस वर्षांत खोटं लिहिलं नाही. आणि खरं आज लिहायचं नाही. बाई जिवापाड जपत होती, आणि त्या जपण्यानंच हे झालं, असं ह्या माणसानं माझ्या शेडमध्ये बसून वाचायचं? नको. लेखनिक तुम्ही आहात. वेळ आली की भरा."

"आणि हे?" मी वाटीकडं पाहिलं.

त्यांनी काठ पिळला, खिशातल्या चष्म्याचा कागद काढला, त्यात गुंडाळला. "मुद्देमाल. लेखनिकाच्या ताब्यात."

दुपारी सगळं परत चढलं. सरांनी आधी पंपात तेल भरलं, हँडल मारून इंजिन हातानं फिरवलं, आणि मग बाबांना म्हणाले, "आता तुम्ही." बाबांनी बटण दाबलं. काटा क्षणभर शून्यावर राहिला, मग उठला, पंचेचाळीसवर जाऊन थांबला. बाबांनी टोपी घातली.

"सही?" मी विचारलं.

"गार बयान ग्राह्य नाही," सर म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "पैठणला जाऊन येऊ."

गेलो. बाबा आकडे सांगत होते, जाताना आणि येताना, आणि आकडा एकच होता. परत येईपर्यंत सर मागं डोळे मिटून ऐकत होते. शेडच्या दारात उतरल्यावर गाडीच्या टपावर कागद ठेवून त्यांनी सही केली. दादा जरा वेळ चाकाशी घुटमळला, मग म्हणाला, "बाबा, त्याला फोन करून सांगतो, नाही म्हणून." बाबा म्हणाले, "सांग. आणि म्हणावं, बोगनवेल कुंडीत लाव."

आई गेल्यावर बाबांनी केलेला तो पहिला विनोद.

सहा महिन्यांनी तेल बदलायची वेळ आली. माझ्या यादीत होतं ते. मी सवयीनं कपाटाच्या कप्प्याशी गेले, तेवढ्यात बाबा म्हणाले, "कापड नको आणूस."

मी कप्पा लावून घेतला.

"टोक गेलं होतं एकदा आत. मी पाहिलं होतं. ती इतकं ताणून धरायची ना. सांगितलं असतं तर चार दिवस जेवली नसती. म्हटलं, चिंधी ती, काय होतंय." त्यांनी डबा उचलला. "बिडकरांनी वाटीवर हात ठेवला, तेव्हाच समजलं. त्यांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. बिचाऱ्यांनी फार सांभाळलं."

मी सांगितलं नाही. सरांनी बाबांपासून झाकलं, बाबांनी आईपासून झाकलेलं होतं, आणि दोघांचंही माझ्याकडं जमा झालं. मी याद्या करणारी बाई. माझ्याकडं वस्तू जमा झाली की तिला जागा लागते. ह्याला अजून सापडलेली नाही.

त्यानंतर बाबांनी गाडी नऊ वर्षं चालवली. त्या नऊ वर्षांत आम्ही दोघं जे बोललो, ते सगळं त्या दोन रविवारच्या आकड्यांतून सुरू झालं. सरांनी मला बयान घ्यायला गाडीत बसवलं ते फक्त काट्यासाठी की आणखी कशासाठी, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं. पण तेव्हापासून कुठलीही अडचण आली, घरातली असो की ऑफिसातली, मी आधी विचारते: कधी होतं, कधी होत नाही, थांबल्यावर काय होतं. हे शिक्षण मला कुठल्या शाळेनं दिलं नाही.

सरांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं. शेड नामदेव बघायचा. मी गाडी घेऊन गेले होते, काम काही नव्हतं. सदऱ्याची मनगटाची बटणं लावलेली, हातात चष्म्याची डबी. आत काटाच.

"लेखनिकबाई," त्यांनी इंजिनाच्या आवाजावरूनच ओळखलं, "रकाना भरलात का?"

"नाही, सर."

"भरा. मोकळा रकाना बरा दिसत नाही. वडील म्हणायचे, मोकळ्या जागेत दुसराच कुणी काहीतरी लिहितो."

निघताना ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले, नामदेवच्या खांद्यावर हात ठेवून. मी गाडी सुरू केली. त्यांनी एक हात वर केला. निरोपाचा नव्हता तो. थांबा, असं सांगणारा होता. मान एका बाजूला कलली. ते ऐकत होते. मी गिअर न टाकता थांबून राहिले. मागं एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, नामदेव त्याच्यावर ओरडला, "दम खाय की जरा! सर ऐकायलेत." बरंच ऐकून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि मान डोलावली. जा.

आता सर नाहीत, बाबाही नाहीत. कुणापासून झाकायचं असं कुणी उरलेलं नाही. आज रविवार आहे. हजर: मी, आणि गाडी, स्वतः. सकाळी यादी केली होती. गाडीचं तेल बदललं, कापडाशिवाय. काटा तापल्यावर बेचाळीस. कपाटाचा खालचा कप्पा आवरला. चष्म्याच्या कागदातला काठ पुन्हा घडी करून ठेवला. सगळ्यांवर खुणा झाल्या. शेवटचं काम तेवढं शिल्लक आहे. कागद समोर आहे, कागदाबरोबर माझ्याकडंच राहिलेली सरांची तीच निळी पेन्सिल टोक काढून ठेवली आहे, आणि तपास आणि उपाय यांच्या मधे एक ओळ:

कारण: